कुणी मानसिकदृष्ट्या ‘अ‍ॅबनॉर्मल’ आहे, हे नेमकं कशावरून ठरवतात?

चारचौघांपेक्षा वेगळं वागणं म्हणजे आजार नव्हे. आमच्या गावी आरतीला एका आजींच्या अंगात यायचं. केस मोकळे, घुमणं, आणि पाच मिनिटांनी पदर सावरून त्या चहा टाकायला जायच्या. त्यांना कुणी वेडं ठरवलं नाही, ते बरोबरच होतं. डॉक्टर बघतात ते त्रास किती आहे, झोप-जेवण-कामधंदा बिघडलाय का, जिवाला धोका आहे का. पण व्याख्या चुकतातही. अमेरिकी मनोविकार संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ साली. तोवर कितीजणांना नको ते उपचार सोसावे लागले! आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो: समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणं हा निदानाचा आधार होऊ शकत नाही.