काळजी की पाळत?

ताई, मी एकोणीस वर्षांची आहे, बी.एस्सी. सेकंड इयर, गाव लातूरकडे, पुण्यात हॉस्टेलला राहते. एक वर्ष झालं रिलेशनशिपमध्ये आहे. तो चांगला आहे, व्यसन नाही, माझ्या आत्याची पण ओळख आहे त्याच्याशी. फक्त त्याला काळजी फार. सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन पाठवायचं, आठ तासांचं, ते संपलं की परत. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये दोन मुलं होती तर सरांना काहीतरी कारण सांगून मला बॅच बदलायला लावली. मागच्या महिन्यात मेसमध्ये जेवत होते आणि फोन रूमवर चार्जिंगला, चाळीस मिनिटांत एकतीस मिस्ड कॉल. मग रात्री दोन तास भांडण, शेवटी तो रडला, म्हणाला जीव आहे तुझ्यावर म्हणून असं होतं. रूममेट म्हणते हे टॉक्सिक आहे, बाकीच्या म्हणतात नशीबवान आहेस. त्याने हात कधीच उचलला नाही. मग यात चूक काय आहे, की मीच जास्त विचार करते?
– गोंधळलेली, पुणे

अगं, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मेसपाशीच अडकले. चाळीस मिनिटांत एकतीस कॉल म्हणजे साधारण सव्वा मिनिटाला एक, तेवढ्यात धड चपातीचा घास चावून होत नाही. समजा त्याला खरंच धास्ती वाटली असेल, वाटू शकते, तर माणूस काय करतो? रूममेटला फोन लावतो, हॉस्टेलच्या ऑफिसला लावतो आणि पोरगी जेवायला गेलीय एवढं कळलं की त्याच्या जिवात जीव येतो, हुश्श करतो आणि विषय संपतो. तू लहानपणी जत्रेत हरवली असतीस तर आईने सापडल्यावर एक धपाटा घातला असता आणि मग कुशीत घेतलं असतं, दोन तास उलटतपासणी नसती घेतली. काळजी तू सापडलीस की संपते. इथे तू सापडल्यावर भांडण सुरू झालं, म्हणजे त्याला तुझी नाही, तू त्याच्या नजरेबाहेर गेलीस याची चिंता होती.

आता ते "हात उचलला नाही". हे तू एकटीच लिहीत नाहीस, माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन पत्रांआड हे वाक्य असतंच. पीत नाही, मारत नाही, ही आपल्या आज्यांच्या काळातली स्थळ बघायची यादी आहे गं, तेव्हा तेवढंही मिळत नव्हतं म्हणून ती मोठी गोष्ट वाटायची. तू शिकायला एवढ्या लांब आलीस आणि माप मात्र तेच घेऊन आलीस. मैत्रिणी नशीबवान म्हणतात त्यांचंही तसंच, मुलगा पझेसिव्ह असला की प्रेम खरं आणि मुलीने पझेसिव्हपणा केला की ती डोक्याला ताप, हे आपण सिरियलमधून, लग्नातल्या उखाण्यातून, कॉलेजच्या कट्ट्यावरून इतक्या वेळा ऐकलेलं असतं की कुणी सांगितलं तेही आठवत नाही. आमच्या वेळी मोबाईल नव्हते, पण माझ्या एका मैत्रिणीसाठी एक जण रोज एसटी स्टँडवर उभा राहायचा, ती कुठल्या गाडीने गेली, शेजारी कोण बसलं ते बघायला. आम्ही सगळ्या तिला चिडवायचो, किती जीव टाकतो म्हणून. तिने त्या वर्षी एनसीसी सोडलं, मग गॅदरिंग सोडलं, आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही की ती एकेक गोष्ट सोडतेय. याची मला अजून लाज वाटते.

म्हणून एक कर, कागद घे आणि या वर्षभरात काय काय सुटलं ते लिही. बॅच सुटली, अजून काय? कोणाशी बोलणं बंद झालं, कुठले कपडे बॅगेच्या तळाला गेले, घरी फोन करताना शब्द तोलायला लागतात का. मग एका लहानशा गोष्टीला नाही म्हणून बघ, म्हणजे "उद्यापासून लोकेशन पाठवणार नाही, पोचले की मेसेज करेन" एवढंच. हे फोनवर सांग, एकटीने भेटून नको, आणि रूममेटला आधी कल्पना दे. तो एक दिवस रुसला तर रुसू दे, रुसतात सगळेच. पण तुझे फोटो घरी पाठवेन म्हणाला, हॉस्टेलच्या गेटवर येऊन उभा राहिला, तुझ्या आत्याला फोन केला, तर काय ते समजून जा. आणि हे वाचतानाच तुझ्या पोटात गोळा आला असेल, नाही म्हणायचीच भीती वाटत असेल, तर ही परीक्षा घेत बसू नकोस, तुला उत्तर मिळालंय, आधी घरातल्या एका माणसाला किंवा रेक्टर मॅडमना सांग.

इन्स्टाचा पासवर्ड बदल, पण त्यासोबत बाकी सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट कर, नाहीतर तो आतच राहील. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघ, तिथे तुझा नसलेला एखादा कॉम्प्युटर दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. एक मात्र, तो भडकेल अशी शंका असेल तर हे सगळं कुणीतरी सोबत असताना कर आणि त्याचे मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून रूममेटला पाठवून ठेव. बाईने स्पष्ट नाही म्हटल्यावरही मागे मागे फिरणं, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे, आधी ते जुन्या दंड संहितेत ३५४-ड होतं, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे तुला घाबरवायला नाही सांगत, "यात गुन्हा कसला" असं कुणी म्हणालं तर माहीत असावं म्हणून. फोटोंची धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन कर, आणि ऐन वेळी धोका वाटला तर ११२. महिलांची हेल्पलाईन १८१. तो तुमच्याच कॉलेजचा असेल तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं, युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी ती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी, साधारण तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते.

ताई, मुलांचे प्रश्न घेता का माहीत नाही. मी डिप्लोमा मेकॅनिकल, थर्ड इयर, सांगली. माझी गर्लफ्रेंड मी कबड्डीच्या प्रॅक्टिसला गेलो की जिवाचं बरंवाईट करेन म्हणते. दोनदा मी मॅच सोडून आलो. चारचौघात मला कानाखाली पण दिली आहे. मित्रांना सांगितलं तर हसले, एक म्हणाला पोरगी मारते आणि तू खातोस, बांगड्या भर.
– एक वाचक, सांगली

घेते रे, का नाही घेणार. आधी त्या मित्रांचं बोलते. तू मार खाल्लास तर बायकी आणि उलट मारलंस तर मर्द, म्हणजे त्यांच्या हिशोबात दोनच कप्पे आहेत आणि दोन्हीत तुझं वाटोळं आहे. (बांगड्या घालून बायका काय काय करतात ते त्या पोराने एकदा आईला विचारावं.) कानाखाली मारणं चूक आहे, मारणारी मुलगी असली तरी. फक्त कायद्याचं खरं ते सांगते, वर जे कलम लिहिलं ते बाईच्या संरक्षणासाठी आहे, तुला लागू नाही. पण ती तुझ्याच कॉलेजची असेल तर कॉलेजात विचारून बघ, युजीसीच्या त्याच नियमांत मुलांचा आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे.

आता जिवाचं बरंवाईट. ही नुसती धमकी आहे असं धरून चालू नकोस आणि त्यावर उपाय तू आहेस असंही धरू नकोस. पुढच्या वेळी असा मेसेज आला की मॅच सोडून धावत जाण्याऐवजी तिच्याजवळ जो असेल, बहीण, रूममेट, आई, त्याला लगेच फोन कर, कुणीच नसेल तर ११२. तिला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर दे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर तूही लाव, तुझ्या पत्रात झोपेचा शब्द नाही पण रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मेल आलाय. तिच्या घरी सांगितलंस तर ती चिडेल, म्हणेल विश्वासघात केलास. चिडलेली चालेल. आणि प्रॅक्टिसला जा.

मी मुलगा आहे, २१ वर्षं. ती झोपली की तिचा फोन बघतो. काही सापडत नाही तरी बघतो. मी टॉक्सिक आहे का? असं छापायला विचारणं बरोबर नसेल तर सॉरी.
– नाव नको, नाशिक

सॉरी कशाला. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये लैंगिक शिक्षणाचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात लोक याहून कितीतरी अवघड प्रश्न विचारायचे, उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. तुझ्या प्रश्नाने माझ्यावर कोणी खटला भरणार नाही.

टॉक्सिक हा शिक्का मारून तुला सुटका मिळेल, की बाबा मी असाच आहे, म्हणून तो मी मारत नाही. तू जे करतोस ते चोरून करतोस, एवढं पुरे आहे. काही सापडत नाही तरी बघतो हे वाक्य तूच लिहिलंस, म्हणजे तू जे शोधतोयस ते तिच्या फोनमध्ये नाहीच. आधी कुणी फसवलं होतं का, घरी बाबा असेच आईची पर्स बघायचे का, ते कॉलेजच्या कौन्सेलरशी बोल, माझ्यापेक्षा त्यांना चांगलं जमेल. आणि तिला सांग. "आजवर तुझा फोन बघत आलो" असं सरळ, कारणं न जोडता, आणि ती जागी असताना, बाहेर कुठेतरी, जिथून तिला वाटलं तर उठून जाता येईल. ती उठून गेली तर मागे जाऊ नकोस, तीस कॉल करू नकोस, आणि ती बोलत नाही आता काय करू असं मला लगेच लिहूही नकोस. थांब थोडा.