श्रीखंडाच्या डब्यातली माती

फोनवर बाई आधी कुंडीबद्दलच बोलत होत्या. गॅरेज आवरताना त्यांना श्रीखंडाचा जुना डबा सापडला. आत दोन मुठी माती. त्यांनी ती तुळशीच्या कुंडीत ओतली आणि डबा घासून पालथा घातला. संध्याकाळी नवऱ्याने तो पालथा डबा बघितला आणि पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडला. मग गाडीत जाऊन बसला, तो रात्री अकरापर्यंत.

"मैदानातली माती होती म्हणे. शेवटच्या मॅचची," त्या म्हणाल्या. जरा थांबून खरा प्रश्न आला. "एका बेसबॉलच्या टीमसाठी चांगला बावन्न वर्षांचा माणूस असं करतो? डोक्याचं काही आहे का हे?"

हा प्रश्न माझ्याकडे रूप बदलून येतच असतो. टीम हरली की मुलगा जेवत नाही, नवऱ्याशी बोलायची सोय उरत नाही. मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात समुपदेशन करते, त्यामुळे कधी क्रिकेट असतं, कधी बास्केटबॉल. या जोडप्याच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. नवऱ्याला इथे मी काका म्हणते, महाराष्ट्र मंडळात त्यांना सगळे तेच म्हणतात.

काका आले ते हात बांधूनच. "मला काही झालेलं नाही. हिच्यावर ओरडलो ते चुकलं, म्हणून आलोय."

अशा वेळी मी आधी कोरडे प्रश्न विचारून घेते. झोप लागते का, जेवण कसं आहे, ऑफिसला नीट जाता का, पिणं वाढलंय का, मॅचवर पैसे लावता का, आणि जगून काय करायचं असं मनात येतं का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. मी सरळ विचारते. त्याचं उत्तर 'हो' असेल तर टीमबिम सगळं बाजूला राहतं, आधी तेच बघायचं. अमेरिकेत त्यासाठी ९८८ हा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात. काकांचं झोपेचं गणित थोडं बिघडलं होतं, बाकी ठीक. 'डोक्याचं' म्हणावं असं काही दिसत नव्हतं.

मग टीमकडे वळले. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, चाहत्यांच्या तोंडी नुसते 'एज'. १९६८ ते २०२४ ओकलंडमध्ये. १९७२, ७३, ७४ असे सलग तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, आणि १९८९ चा चौथा. मालकाने टीम लास व्हेगासला न्यायचं ठरवलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या लीगच्या (मेजर लीग बेसबॉल) तीसही टीममालकांनी त्याला होकार दिला. व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत मुक्काम सॅक्रामेंटोजवळ. तिथे टीमच्या नावापुढे गावाचं नावही लावत नाहीत, नुसतं अ‍ॅथलेटिक्स.

काका हे सगळं बातम्या वाचल्यासारखं सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, "२०१२ ला आपण शेवटच्या दिवशी टेक्सासला हरवून आपल्या गटात पहिले आलो. काल मात्र ते परत हरले."

'आपण' आणि 'ते'. मी वहीत दोन्ही शब्द लिहून ठेवले. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये असंच काहीसं तपासलं होतं. विद्यार्थ्यांना फोन करून त्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल मॅचचं विचारलं, तर जिंकलेल्या मॅचला 'आम्ही जिंकलो' आणि हरलेल्या मॅचला 'ते हरले' असा कल दिसला. जिवाचा चाहता मात्र हरल्यावरही 'आपणच हरलो' म्हणतो. इंग्रजीत 'वी' म्हणून भागतं. मराठीतलं 'आपण' समोरच्यालाही आत ओढून घेतं. वीस-पंचवीस वर्षं काका बायकोला, मुलाला, मंडळातल्या कुणालाही 'आपण हरलो' असंच सांगत आलेले. त्यांचं 'ते' मला ओरडण्यापेक्षा जास्त सांगून गेलं.

दुसऱ्या भेटीत विचारलं, "एवढ्या टीम असताना ओकलंडच का?"

काका पहिल्यांदा हसले. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० सालासाठी कॉम्प्युटर दुरुस्त करण्याच्या लाटेत १९९९ ला आले, फ्रीमाँटला चौघांत एक अपार्टमेंट. सॅन फ्रान्सिस्कोची टीम खाडीपलीकडे, ओकलंडचं तिकीट स्वस्त. फ्रीमाँटला बार्ट लोकलमध्ये बसायचं, कोलिझियम स्टेशनला उतरायचं, पादचारी पूल ओलांडला की मैदानाचं गेट. उजवीकडच्या बाकांवर ढोल वाजवणारी मंडळी. "तिथं ढोल ऐकला आणि म्हटलं, ही आपली पेठ."

काका कोल्हापूरचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर कुणाच्या बाजूला बसायचं हे माणूस निवडत नाही, तो ज्या गल्लीत जन्मला तिथेच ते ठरलेलं असतं. बाई पुण्याच्या, त्यांना हे लग्नानंतरही फारसं कळलं नव्हतं.

"टीम वाईट खेळली तर चालतंय की," काका म्हणाले. "२०२३ ला एकशे बारा मॅच हरलो, तरी गेलोच. पण पेठेची टीम पेठ सोडून जाते कुठं? आमच्यात असं ऐकलं न्हाई कधी."

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं, त्याचा मी माझ्यापुरता अर्थ करते तो असा: सुतक नसलेलं दुःख. माणूस गेला तर लोक येतात, पिठलं-भात आणून देतात, चार दिवस कुणी जाब विचारत नाही. मांजर गेलं, नोकरी गेली, टीम गेली तर लोक म्हणतात, एवढं काय त्यात. काकांना हे घरात, ऑफिसात, मंडळात सगळीकडे ऐकायला मिळालं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये रिकी हेंडरसन वारले. ओकलंडमध्येच वाढलेला, चोरलेल्या बेसचा, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या टप्प्यावर पळून पोचण्याचा, विक्रम ओकलंडच्याच मैदानावर केलेला खेळाडू. त्या रात्री काका न जेवता झोपले. बाईंना वाटलं, पित्त झालं असेल.

एक गोष्ट मलाही काकांकडूनच शिकावी लागली. क्रिकेट आपल्याकडे सणासारखं येतं. बेसबॉल तसं नाही. एका सीझनला १६२ मॅच, मार्चअखेर ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. म्हणजे सहा महिने संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ चालू, पोळ्या होताहेत, कुणीतरी बोलतंय. तो नेम आहे. २०२५ चा एप्रिल उजाडला आणि रेडिओ लागला नाही. "घर बहिरं झाल्यासारखं वाटतं," हे वाक्य काकांचं नाही, बाईंचं. त्या स्वतःच दचकल्या ते बोलून.

तिसऱ्या भेटीला मी स्कोअरची वही आणायला सांगितली. मॅच ऐकता ऐकता काका पेन्सिलीने स्कोअर लिहीत, अशा फुलस्केप वह्या कपाटभर. प्रत्येक फलंदाजाला चौकटींची ओळ, प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा. ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपने (क्षेत्ररक्षक ६) सेकंड बेसवाल्याला (४), त्याने फर्स्टवाल्याला (३) चेंडू दिला आणि दोन बाद. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर, के. बॅट न हलवता बाद झाला तर तोच के उलटा.

त्यांनी ४ सप्टेंबर २००२ चं पान उघडलं. एजनी त्या दिवशी सलग विसावी मॅच जिंकली, कॅन्सस सिटीविरुद्ध. तीन इनिंगनंतर ११-०. मग ११-११. नवव्या इनिंगला बदली फलंदाज म्हणून आलेल्या स्कॉट हॅटेबर्गने होमरन, म्हणजे सीमेपार फटका, मारला, १२-११. पान खोडरबराने जागोजागी काळवंडलेलं. पण चौथ्या इनिंगच्या चौकटी जवळजवळ रिकाम्या, आणि त्यांवर वळणदार अक्षरात नुसता '५'. मराठी पाच.

"हे माझं अक्षर," बाई म्हणाल्या.

मुलगा तेव्हा सात महिन्यांचा, रडायला लागलेला. ११-० आहे, आता काय होतंय, म्हणून काका पेन्सिल बायकोच्या हातात देऊन त्याला खांद्यावर घेऊन गेले. बाईंना ते आकडे कुठे येत होते? त्यांनी शेवटी किती गेल्या तेवढं लिहिलं. "हिच्या हातात पेन्सिल दिली आणि पाच रन गेल्या," काका म्हणाले. हे ते वीस वर्षं म्हणत असणार. त्या दिवशी खूप महिन्यांनी म्हणाले, आणि दोघं हसत राहिले.

मी विचारलं, "तो खांद्यावरचा मुलगा आता कुठे असतो?"

सिअ‍ॅटलला. नोकरी करतो. २६ सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या मॅचला विमानाने आला होता. टेक्सासला ३-२ हरवलं, ४६,८८९ लोक. माती त्यानेच मिळवली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बापाच्या हातात दिली. त्यानंतर त्याचा फोन आखडत गेला. आधी रोज वीस-वीस मिनिटं चालायचा, आता आठवड्यातून दीड मिनिट. जेवलास का, हो, आई कशी आहे, बरी आहे.

बाई इतके दिवस मातीचं बोलत होत्या, काका टीमचं. इथे मात्र दोघंही गप्प झाले.

बाप आणि मोठा झालेला मुलगा यांना बोलायला मध्ये काहीतरी लागतं. शेती असते, गाडी असते, राजकारण असतं. यांच्यात एज होते. 'तू कसा आहेस' हे त्यांनी कधी विचारलं नसेल, पण 'पिचर बदलायला नको होता' यातून ते विचारलं जात होतं. त्यामुळे घरच्यांना मी सांगते की तो किती तास बघतो ते मोजू नका, तो कुणाबरोबर बघतो ते बघा. एकटाच बघत असेल, पैसे जात असतील, हरल्यावर घरच्यांवर हात उगारत असेल, तर ती गोष्टच वेगळी आणि ती आधी बोलायची.

काकांना म्हटलं, मुलाला फोन करा.

"काय बोलू?"

"बोलायला काही उरलं नाही असं वाटतंय, तेच बोला."

त्यांना ते पटलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या सल्ल्यांचं बहुधा असंच होतं. पण दहा-बारा दिवसांनी केला म्हणे. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, बाबा, मी पण बघत नाही आता.

वेस्ट ओकलंडमध्ये रायमोंडी पार्कला २०२४ पासून ओकलंड बॉलर्स नावाची छोटी टीम खेळते, मोठ्या लीगच्या कुठल्याही टीमशी न जोडलेली. जूनमध्ये मुलाने तिघांची तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. ढोलवाले तिथेही होते म्हणाल्या. चौथ्या इनिंगला काकांनी न बोलता पेन्सिल त्यांच्याकडे दिली, त्यांनी घेतली नाही. "परत माझ्यावर नाव नको."

कोण जिंकलं, मी विचारलं. त्यांनी फोनवरूनच मागे वळून काकांना विचारलं. काकांचं उत्तर मला इकडे ऐकू आलं.

"ते जिंकले. बरी आहेत पोरं."

अजून 'ते'च.