पावसाळ्यात इनक्युबेटरमध्ये पाणी घालायची घाई करू नका

ताई, २४ अंड्यांतून पाचच पिल्लं निघाली आणि बाकीची आत पूर्ण वाढून मेली, हे वाचून फार वाईट वाटलं. एकवीस दिवस रोज पेटीत डोकावल्यावर असं झालं की जीव तुटतो. पण कारण तुमच्याच लिहिण्यात आहे: कोल्हापुरात, ऐन जुलैत अंडी ठेवली आणि पहिल्या दिवसापासून पाण्याचा ट्रे भरलेला ठेवला. यंत्राला दोष देऊ नका. माझ्या मते ओलावा जास्त झाला.

उरलेली अंडी टाकली नसतील तर एक रुंद टोकाकडून फोडून बघा. पिल्लू सुजल्यासारखं, ओलंचिंब आणि हवेची पोकळी लहान असेल तर पाणी जास्त झालं. उलट पातळ पडदा वाळून कागदासारखा पिल्लाला चिकटला असेल तर पाणी कमी पडलं, किंवा शेवटच्या दिवसांत झाकण उघडलं गेलं. पिल्लू कवच फोडण्याआधी चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेतं. अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही आणि पोकळीच लहान राहिली की तिथेच गुदमरतं.

आता हिशोब बघा. आपल्याकडे पावसात बाहेरची हवा २४ अंशाला ९० टक्के ओली असते. तीच हवा पेटीत ३७.५ अंशाला तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे एक थेंबही न घालता पहिल्या अठरा दिवसांचं काम जवळजवळ भागतं! खुडूक कोंबडीखाली पावसाळ्यात कुणी पाणी शिंपडतं का? एप्रिलमधली ३५ अंशांची कोरडी हवा मात्र पेटीत २०-२२ टक्क्यांवर येते, तेव्हा पाणी लागतंच. व्हिडिओवाले कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात बसून सांगतात ते आधी बघावं.

माझीही एका आषाढात ३० पैकी ११च निघाली होती. तेव्हापासून आर्द्रता दाखवणाऱ्या मीटरपेक्षा अंड्यावर जास्त विश्वास ठेवतो. सोनारासारखा छोटा डिजिटल काटा घ्या. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. ४५ ग्रॅमचं गावरान अंडं तेव्हा ४० ग्रॅमच्या जरा खाली आलेलं असावं. चार अंड्यांवर पेन्सिलीनं सुरुवातीचं वजन लिहा, आणि सातव्या, चौदाव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर बघताना पोकळीची कडही आखून ठेवा. वजन घटत नसेल तर ट्रे रिकामा करा आणि हवेची भोकं पूर्ण उघडा.

मीटरही तपासा. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. मीटर आणि टोपण घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ६८ दिसले तर तुमचा मीटर सात टक्के कमी दाखवतो. माझा पहिला मीटर नऊ टक्के चुकत होता.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, ट्रे भरा, आर्द्रता ६५ ते ७० आणि झाकण बंद. त्यानंतर उघडायचं नाही. कवचाला चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला चोवीस तासही लागू शकतात, त्या वेळात मदतीला हात घालू नका. पडद्यातल्या शिरा अजून ओढून घेतलेल्या नसतात, सोलायला गेलात तर रक्त येतं.

वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका, भोकं झाकू नका. तास-दोन तास थंडावलेलं अंडं बहुतेक वेळा सावरतं. ४० अंशांवर तापलेलं सावरणं अवघड.

निघालेली पिल्लं सुकून मऊ होईपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज निघतात, दाणा-पाण्याची घाई नाही. तुमच्या त्या पाचांना सध्या बल्बखाली, त्यांच्या पाठीच्या उंचीवर मोजून, पहिला आठवडा ३५ अंश द्या. बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, लांब पळत असतील तर बल्ब वर घ्या.