कांद्याचं मूळ, सदाफुली आणि एक जादा गुणसूत्र

प्रश्न: मॅडम, मी मुलुंडला बारावीत आहे. कांद्याच्या मुळाची स्लाइड चार वेळा केली, दरवेळी नुसते गोल ठिपके दिसतात, ॲनाफेज, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात ती पायरी, एकदाही नाही. काय चुकतंय?

उत्तर: अगं, ठिपके खरेच आहेत. पेशी बहुतेक वेळ इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातच असते, डीएनएची कॉपी काढत, प्रत्यक्ष विभाजन थोडाच वेळ चालतं. मुळं सकाळी काप आणि फक्त टोकाचे दोन मिलिमीटर घे, त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब होत असतात. ॲसिडमध्ये गरम करायचा कंटाळा करू नकोस, नाहीतर पेशी एकमेकींना चिकटून राहतात. मग कव्हरस्लिपवर फिल्टर पेपर ठेवून अंगठ्याने सरळ दाब, सरकवू नकोस (माझ्या हातून इतक्या फुटल्या होत्या की लॅबवाले मला मोजून द्यायचे). मेटाफेज, म्हणजे ॲनाफेजच्या आधीची पायरी, सापडली की तिथे जरा थांब. सोळा गुणसूत्रं मधोमध रांगेत, दोन्ही बाजूंनी त्यांना ओढणाऱ्या दोऱ्या लागलेल्या, आणि एक जरी नीट लागलं नसेल तरी पेशी पुढे जात नाही. लोकलचा गार्ड बेल देईपर्यंत मोटरमन गाडी काढत नाही ना, तसं.

प्रश्न: ताई, माझी बहीण ३९ वर्षांची, पहिलटकरीण. डबल मार्करमध्ये, म्हणजे गरोदरपणातल्या रक्ततपासणीत, डाउन सिंड्रोमची रिस्क जास्त आलीये. सासरचे म्हणतात ग्रहण पाळलं नाही म्हणून. रडून रडून हैराण झालीये.

उत्तर: सासरच्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा. ज्या स्त्रीबीजापासून हा गर्भ झाला ते बहीण स्वतः तुमच्या आईच्या पोटात असतानाच तयार झालं आणि विभाजन अर्धवट ठेवून तिथेच थांबलं, म्हणजे ३९ वर्षं. गुणसूत्रांना धरून ठेवणारं प्रोटीन इतक्या वर्षांत झिजतं, त्यात स्त्रीबीजातला गार्ड मुळातच जरा ढिला, मग कधीकधी २१ नंबरची दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात आणि बाळाकडे दोनाच्या जागी तीन येतात, तोच डाउन सिंड्रोम. क्वचित हीच चूक वडिलांच्या बाजूनेही होते. हे जादा गुणसूत्र १९५९ मध्ये पॅरिसच्या लेज्यून आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, पेशी वाढवायचं किचकट काम मात्र मार्थ गोतिए यांचं होतं, त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. असो. चाळिशीलासुद्धा शक्यता साधारण शंभरात एक. डबल मार्कर फक्त शक्यता सांगते, पक्कं कळायला गर्भजल तपासणी लागते, ती करायची की नाही ते बहिणीने डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. ग्रहणाचा यात कुठेच संबंध नाही.

प्रश्न: हत्तीला इतक्या पेशी, मग त्याला कॅन्सर जास्त व्हायला हवा ना?

उत्तर: हिशेबाने हो, पण होत नाही. पी-५३ नावाचा जीन बिघडलेल्या पेशीला थांबवतो, नाहीतर मारून टाकतो. आपल्याकडे त्याची एक जोडी, हत्तीकडे वीस. चुका रोजच होतात हो, माणसाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरमध्ये हाच जीन बिघडलेला सापडतो.

प्रश्न: आईला परळला केमो चालू आहे, त्यात व्हिन्क्रिस्टिन आहे. शेजारच्या काकू म्हणतात ते सदाफुलीचंच औषध, मग रोज दोन पानं चावून खा. द्यावीत का?

उत्तर: अजिबात नाही! काकूंचं अर्धं बरोबर आहे, व्हिन्क्रिस्टिन खरंच सदाफुलीतून येतं, चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात लावतात तीच. पण पानात किती उतरलंय ते कोण मोजणार, आणि हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतूनच देतात. ते पेशीतल्या दोऱ्या बांधूच देत नाही, दोऱ्या नाहीत म्हणून गार्डची बेल नाही, आणि पेशी तशीच अडकून शेवटी मरते. गंमत म्हणजे, गंमत कसली, हाताच्या नसांमध्येही त्याच जातीच्या दोऱ्या असतात, माल वाहून न्यायला. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात. आईला ब्लाउजचे हुक लावायला त्रास होतोय का ते बघा, आणि होत असेल तर पुढच्या सायकलच्या आधीच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा का ते ते बघतील.