‘वशिला नाही, मग पत्रकारितेत नोकरी कशी मिळणार?’

“मॅडम, वशिला नसला तर या क्षेत्रात घेतच नाहीत ना?” समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेल्या त्या मुलीनं खुर्चीत टेकल्या टेकल्या हेच विचारलं.

पत्रकारितेची पदवी हातात येऊन सात महिने झाले होते. पुण्यात चौघींत एक खोली. एकतीस अर्ज, दोन उत्तरं, दोन्ही नकाराची. बीड जिल्ह्यातल्या गावाहून अप्पांचा रोज फोन यायचा, “बीएड कर, निदान शाळेत तरी लागशील.” आता ती फोन उचलतच नव्हती. रात्री मात्र तीन-तीनदा उठून मेल बघायची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिचा प्रश्न मी उडवून लावला नाही, कारण तो अर्धा खरा आहे. वृत्तपत्रांतल्या बऱ्याच जागांची जाहिरात निघतच नाही. कुणी सोडून गेलं की आतल्याच लोकांना विचारतात, ‘लिहिणारं कुणी माहीत आहे का?’ त्यामुळं आपलं लिखाण कुणीतरी वाचलेलं असावं लागतं. याला मी वशिला म्हणणार नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणजे आपण नापास झालो, असंही नाही. अनेकदा तो मेल कुणी उघडलेलाच नसतो.

पहिल्या दोन भेटींत नोकरीचा विषयच काढला नाही. झोप, जेवण, फोन, एवढंच. मेल दिवसातून दोनदा बघायचा, आणि अप्पांना रविवारी आपणहून फोन करायचा, असं ठरलं.

तिसऱ्या भेटीला लेख घेऊन आली. लोकशाहीचा चौथा स्तंभ, समाजमाध्यमं शाप की वरदान, दिल्लीतलं राजकारण. भाषा स्वच्छ, पण त्यात ती कुठंच नव्हती. मी सहज विचारलं, “दिवाळीनंतर तुमच्या गावात काय असतं?”

मग ती वीस मिनिटं थांबली नाही. अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. मावशी तेरा हंगाम जातेय. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पोरांसाठी हंगामी वसतिगृह कागदावर आहे, पण जेवण आजीच रांधते.

“हे लिहिलंस कधी?”

“यात कसली बातमी, मॅडम? हे तर दरवर्षीचंच आहे.”

मला या वाक्याचं फार वाईट वाटलं. शिकता शिकता ही मुलं आपल्याच गावाला बातमीतून वजा करतात.

ती गावी गेली. वसतिगृहात किती मुलं नोंदली आणि किती निधी आला, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचं शुल्क भरून दिला. उत्तराची मुदत 30 दिवस. तोवर सहा घरं फिरून आज्यांशी बोलली. ती बातमी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत छापून आली. पुढच्या प्रत्येक अर्जाला तिनं गुणपत्रिकेच्या आधी ते कात्रण जोडलं.

मधेच एका साप्ताहिकानं ‘प्रेसकार्ड देतो, तीन हजार भरा, महिन्याला जाहिराती आणा’ असं सांगितलं. ती भुलली होती. तिथं मी समुपदेशकाची तटस्थता बाजूला ठेवली आणि स्पष्ट सांगितलं, कार्डाचे पैसे मागतात ती नोकरी नव्हे.

अप्पांशी आम्ही स्पीकरवर बोललो. भाड्याचा हिशेब मांडून मार्चअखेरची मुदत ठरली, तोवर बीएडचा विषय बंद. ते म्हणाले, “मुदतीचं जाऊ द्या मॅडम, तिला फोन उचलायला सांगा.”

फेब्रुवारीत तिला प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून घेतलं. कंत्राटी आहे, पगार बेताचा. मुलाखतीत निम्मा वेळ त्या आज्यांबद्दलच विचारलं म्हणे. वेळ दुपारी चार ते रात्री बारा. सध्या आमच्या भेटीत एकच विषय असतो: बाराला सुटल्यावर खोलीवर सुखरूप कसं पोचायचं, आणि ऑफिसकडं गाडी मागायला तिची जीभ का रेटत नाही.