वाकडी स्ट्रॉबेरी आणि झाकलेला टनेल

प्रश्न (मुळशी तालुका): साहेब, दहा गुंठ्यांत विंटर डॉन जातीची स्ट्रॉबेरी लावली आहे. झाडं तजेलदार आहेत, फुलं भरपूर, पण निम्मी फळं वेडीवाकडी, एका बाजूनं दबलेली. दुकानदारानं बोरॉन (सूक्ष्म अन्नद्रव्य) आणि टॉनिक मारायला लावलं, फरक नाही. थंडीमुळे वाफ्यावरचा प्लॅस्टिकचा टनेल दिवसरात्र झाकलेलाच असतो. फळावरच्या बियांपासून रोपं करता येतील का? आणि स्ट्रॉबेरीत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं का, असं गिऱ्हाईक विचारतं.

उत्तर: दादा, दोष टनेलचा दिसतो. खात्री करायची तर एक वाकडं फळ तोडून उन्हात धरा. फुगलेल्या बाजूचे दाणे टपोरे आणि सुटे सुटे दिसतील. दबलेल्या बाजूचे बारीक, पोचट, एकमेकांना चिकटलेले. आपण बी म्हणतो तो प्रत्येक दाणा म्हणजे खरं तर स्वतंत्र फळ, बी त्याच्या पोटात. लाल गर हे फुलाचं फुगलेलं बूड. परागकण मिळालेला दाणा ऑक्सिन नावाचं संजीवक सोडतो आणि त्याच्याभोवतीचाच गर वाढतो. 1950 साली निच या शास्त्रज्ञानं कोवळ्या फळावरचे दाणे काढून पाहिले, तर गराची वाढच थांबली.

फ्रान्समध्येही एकदा असंच झालं होतं. फ्रेझिए नावाच्या लष्करी इंजिनिअरला चिलीतल्या किल्ल्यांची हेरगिरी करायला धाडलं होतं. 1714 मध्ये परतताना त्यानं तिथली मोठ्या फळांची रोपं आणली. पाच जगली, पण सगळी मादी, त्यामुळे फळाचा पत्ता नाही! पुढे शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया जात लावली, तेव्हा फळं धरली, आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली. आपल्या जातींच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात. तरी सगळ्या दाण्यांपर्यंत पराग पोचवायला मधमाशी लागतेच, आणि झाकलेल्या टनेलमध्ये ती शिरू शकत नाही.

म्हणून सकाळी दहा ते चार टनेल उघडा, सांजेला झाका. सातेरी मधमाशीची एखादी पेटी बांधावर ठेवा; माहितीसाठी पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा, अगदी नाइलाज असेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी. बोरॉन कमी पडलं तरी फळ वाकडं होतं हे खरं, पण तपासणीशिवाय पुन्हा मारू नका. जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. वाकडं झालेलं फळ सरळ होणार नाही. फरक नव्या फुलांवर, साधारण महिन्याभरानं दिसेल.

बियांच्या भानगडीत पडू नका. संकरित पीक आहे, त्यात गुणसूत्रांचे आठ संच. प्रत्येक रोप वेगळं निघेल. रोपं रनरचीच, म्हणजे झाडाच्या जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांची, तीही निरोगी मातृरोपाची. लावताना रोपाचा गड्डा (पानं फुटतात तो बुंधा) मातीत गाडू नका, कुजतो.

गिऱ्हाइकाला खरं ते सांगा. 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे 59 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, संत्र्यात 53 च्या आसपास. फरक थोडाच आहे. आपला पेरू 200 च्या वर जातो, पण तो काही पनेटमध्ये, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या छोट्या डब्यात, बसून येत नाही!

तोडणी मात्र रंग भरल्यावरच करा. पांढुरकं फळ तोडलं तर घरी ठेवून लाल होईल, गोड होणार नाही. वाकडी फळं चवीला तीच असतात. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात जाणाऱ्या मालात मिसळून भाव पाडून घेण्यापेक्षा वेगळी काढून जॅमसाठी द्या.