टेरावर बंदी नको, टेरा उघडा करा

भावा, ग्रुपवरचं तुझं गाऱ्हाणं वाचलं. रविवारच्या पोकेमॉनच्या सामन्यात समोरच्याचा एकटा किंगॅम्बिट उरला होता आणि तुझ्याकडं निम्म्या एचपीवरचा, म्हणजे निम्मा जीव उरलेला, ग्रेट टस्क. तू फायटिंग टाइपचा क्लोज कॉम्बॅट मारलास आणि त्यानं नेमका तेव्हाच टेरा करून, म्हणजे पोकेमॉनचा टाइप बदलून, किंगॅम्बिटला घोस्ट केलं. घोस्टला फायटिंग लागत नाही, तुझा मार शून्य. वर त्याच चालीत त्यानं जोर वाढवणारा स्वोर्ड्स डान्स घेतला आणि पुढच्या चालीला आधी लागणाऱ्या सकर पंचनं तुला गुंडाळलं. त्यावरून तुझं म्हणणं असं की स्कार्लेट-व्हायलेट या गेममधला हा टेरा प्रकार निव्वळ मटका आहे, आणि त्याआधीच्या गेममधल्या डायनामॅक्सवर बंदी आली तशी आपल्या लातूर-नांदेडच्या सामन्यांतून टेराही हद्दपार करावा. बाकीच्यांनीही ‘हाव, काढूनच टाका’ म्हणून री ओढली आहे.

माझं मत उलटं आहे. टेरा ठेवावा. तुझा राग खोटा नाही, पण तो टेरावर निघतोय आणि दुखणं दुसरीकडंच आहे.

आधी डायनामॅक्सचं बघू, कारण ‘ते काढलं मग हे कामून नाही’ हा मुद्दा सगळेच काढतात. स्वोर्ड-शील्ड हे गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये आले आणि डिसेंबरातच स्मोगनच्या (खेळाडूंनीच नियम ठरवायची साइट) ओयू या मुख्य गटातून डायनामॅक्स गेला. त्यात काय व्हायचं? तीन चाली पोकेमॉन अवाढव्य व्हायचा, एचपी दुपटीपर्यंत जायचा आणि प्रत्येक मॅक्स मूव्ह माराबरोबर वरून काहीतरी फुकट द्यायची. मॅक्स एअरस्ट्रीम मारली की स्पीड वाढला, दुसरी मारली की पाऊस नाहीतर ऊन. त्या तीन चाली समोरच्यानं फक्त जीव मुठीत धरून काढायच्या. ज्याच्याकडं आधीच चांगला हल्लेखोर त्यालाच आणखी बळ मिळायचं, आणि त्याची किंमत काहीच नव्हती.

टेराची किंमत असते. टेरा केला की पोकेमॉनचा टाइप बदलतो, म्हणजे जुनी दुबळी बाजू जाते तशी जुनी ढालही जाते. तुझा तो किंगॅम्बिट डार्क-स्टीलचा घोस्ट झाला तेव्हा फायटिंगपासून सुटला खरा, पण डार्क आणि घोस्टचा मार त्याला दुप्पट बसू लागला. शिवाय सहा जणांत एकालाच, सामन्यात एकदाच. एकदा केला की मागं घेता येत नाही. तो पोकेमॉन आत गेला, बाहेर आला तरी टेरा तसाच राहतो. एचपी वाढत नाही, फुकटचं ऊन-पाऊस नाही. मूळ टाइपच्या मूव्हचा दीडपट जोर कायम राहतो, नव्या टाइपच्या मूव्हलाही दीडपट मिळतो, आणि मूळच्याच टाइपचा टेरा केला तर दीडचे दोन होतात. ताकद आहेच, नाही कोण म्हणतो? पण ती कशावर खर्चायची आणि कधी, हा विचार आहे. ड्रॅगनाइटला नॉर्मल करून एक्स्ट्रीम स्पीडचा जोर वाढवायचा, की स्टील करून आइसचा चौपट मार टाळायचा? दोन्ही एकदम मिळत नाही. एक ठरवूनच टीम बांधावी लागते.

आता तुझ्या त्या शेवटच्या चालीकडं येऊ, कारण सगळं भांडण तिथंच आहे.

ग्रेट टस्कच्या हातात चार मूव्ह होत्या, तूच लिहिल्यास: क्लोज कॉम्बॅट (फायटिंग), हेडलाँग रश (ग्राउंड), आइस स्पिनर (आइस) आणि रॅपिड स्पिन (नॉर्मल). समोर डार्क-स्टील किंगॅम्बिट. टेरा नसता तर प्रश्नच नव्हता, फायटिंगचा मार चौपट, खेळ खलास. टेरा आहे म्हटल्यावर चित्र असं होतं. त्यानं घोस्ट केला तर क्लोज कॉम्बॅट शून्य, पण हेडलाँग रश पूर्ण लागतो. फ्लाइंग केला तर हेडलाँग रश शून्य, क्लोज कॉम्बॅट निम्मा आणि आइस स्पिनर दुप्पट. डार्कच केला तर क्लोज कॉम्बॅट तरीही दुप्पट. फेअरी केला तर क्लोज कॉम्बॅट निम्मा, हेडलाँग रश पूर्ण. आणि टेरा केलाच नाही तर क्लोज कॉम्बॅट चौपट, हेडलाँग रश दुप्पट, आइस स्पिनर मात्र निम्मा.

आता समज, सामना सुरू व्हायच्या आधीच तुला माहीत असतं की त्याच्या किंगॅम्बिटचा टेरा घोस्ट आहे. मग तू डोळे झाकून हेडलाँग रश मारला असतास. त्यानं टेरा केला तरी पूर्ण मार, नाही केला तर दुप्पट. घोस्ट झालेल्या किंगॅम्बिटचा त्यानं निम्म्याच्या आसपास एचपी गेला असता, म्हणजे सामना जिंकलाच असतास असं मी म्हणत नाही. पण चाल वाया गेली नसती आणि स्वोर्ड्स डान्स त्याला फुकट मिळाला नसता. टेरा फ्लाइंग आहे हे माहीत असतं तर प्रकरण याहून रंगतदार. आता दोन्हीकडं डोकं चालतं: तो टेरा करणार असेल तर आइस स्पिनर, नसेल तर क्लोज कॉम्बॅट. त्यालाही तेच पडलेलं असतं की हा काय मारेल. त्याचा हातखंडा काय, टेरा राखून ठेवायची त्याला सवय आहे का, मागच्या सामन्यात घाबरून लवकर केला होता का, सगळं मोजायचं. याला मी मटका म्हणणार नाही. यासाठीच तर आपण खेळतो.

तुझ्याकडं मात्र ही माहिती नव्हती. एकोणीस टेरा टाइपांपैकी कुठलाही असू शकत होता आणि तुला हवेत बाण मारायला लागला.

मेंढीकोट खेळला असशील तर बंद हुकूम ठाऊक आहे. पत्ता पालथा ठेवलाय, हुकूम कशाचा ते एकालाच माहीत. तिथं मजा येते, कारण हुकूम चारांतलाच एक असतो आणि एकदा उघडला की उरलेला डाव सगळ्यांना उघड्यावर खेळता येतो. टेरात सहा पोकेमॉनचे सहा पालथे पत्ते, प्रत्येक एकोणिसांतला एक, आणि पत्ता उघडतो तोच मुळी डाव संपवायला.

यावर कोणी म्हणेल, लपवाछपवी तर आधीपासूनच आहे. टीम प्रीव्ह्यूत, म्हणजे सामन्याआधी एकमेकांची टीम दिसते तेव्हा, सहा चेहरे दिसतात, पण हातातली वस्तू म्हणजे आयटम दिसत नाही, मूव्ह दिसत नाहीत. बरोबर आहे. पण त्यांचा माग लागतो. लेफ्टओव्हर्स असेल तर चाल संपताना एचपी भरतो. चॉइस आयटमवाला एकाच मूव्हला बांधलेला असतो, दोन चालींत कळतं. मार अंदाजापेक्षा जास्त बसला तर समजायचं की हातात काहीतरी आहे. मूव्ह एकदा वापरली की उघडी पडली. चांगला खेळाडू पंधराव्या चालीपर्यंत समोरच्याची टीम जवळपास पाठ करून बसतो. टेराचा मात्र कुठलाच माग लागत नाही. वापरेपर्यंत कणभर सुगावा नाही, आणि वापरल्यावर कळून उपयोग नाही, कारण तो सामन्यात एकदाच होतो. बाकीच्या गुप्त गोष्टी खेळता खेळता झिरपतात, ही झिरपत नाही. दुखतंय ते इथं, टाइप बदलण्यात नव्हे.

मोठ्या लोकांनी यावर काय केलं तेही सांगतो. स्कार्लेट-व्हायलेटच्या व्हीजीसी स्पर्धा, म्हणजे पोकेमॉन कंपनीच्या अधिकृत स्पर्धा, जिथं लोक समोरासमोर बसून खेळायचे, तिथं टीमची उघडी यादी असायची: आयटम, अ‍ॅबिलिटी (अंगचा खास गुण), चारही मूव्ह आणि टेरा टाइप, सगळं समोरच्याच्या हातात. लपलेलं राहायचं ते ईव्ही आणि नेचर, म्हणजे ताकद-स्पीडची वाटणी. तिथं टेरा मटका आहे अशी ओरड तू फारशी ऐकणार नाहीस. स्मोगनच्या ओयूमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये टेरावर मतदान झालं. पूर्ण बंदी, फक्त मूळ टाइपचाच टेरा, टीम प्रीव्ह्यूत टेरा दाखवणे, असे पर्याय चर्चेत होते. शेवटी टेरा होता तसाच राहिला, लपलेला. मला तो निर्णय तेव्हाही पटला नव्हता, अजूनही पटत नाही. त्यानंतर काय झालं? टेराला हात लावला नाही, पण टेरामुळं बेफाम झालेले पोकेमॉन एकेक करून काढावे लागले. रेजिएलेकीचंच बघ. स्पीड २००, पण मारायला इलेक्ट्रिकशिवाय धड काही नाही, म्हणून एक ग्राउंडवाला आणला की तो गप्प. टेरा आइस आणि टेराच्याच टाइपनं मारणारी टेरा ब्लास्ट दिल्याबरोबर तोच ग्राउंडवाला पहिल्यांदा मरायला लागला. एस्पाथ्राचंही तसंच: स्पीड बूस्टनं दर चालीला स्पीड वाढणार, त्यावर स्टोअर्ड पॉवरचा जोर चढत जाणार, आणि तिला रोखायला आणलेल्यासमोर ती टाइपच बदलणार. दोघंही गेले. नॅशनल डेक्स या जुने-नवे पोकेमॉन एकत्र चालणाऱ्या गटात तर टेराच बंद करून टाकला. पण तिथं जुन्या गेममधले मेगा आणि झी-मूव्ह हे जोर वाढवणारे प्रकार दोन्ही आहेत, त्या गर्दीत तिसरं खूळ कशाला हवं होतं. ते उदाहरण आपल्याला लागू होत नाही.

आता आपलं. आपण मूठभर लोक, बहुतेक मोबाइलच्या ब्राउझरवर शोडाउन ही पोकेमॉनच्या सामन्यांची साइट उघडून खेळणारे. स्विच कोणाकोणाकडं आहे, पण तो हातात घेऊन टेरा टाइप बदलायला पन्नास-पन्नास शार्ड गोळा करायला वेळ कोणाला आहे? अर्धी पोरं नीटच्या क्लासमधून सुटून खोलीवर येतात आणि तासाभरात दोन सामने उरकतात. शोडाउनवर टेरा टाइप एका टिचकीत बदलतो, म्हणून आपल्याकडं आडमाप टेरा जास्त निघतात. शोडाउनच्या लॅडरवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या क्रमवारीत, हजारो लोक खेळतात, वापराचे आकडे दर महिन्याला निघतात, तिथं किंगॅम्बिटचा टेरा कुठला असेल याचा निदान अंदाज बांधता येतो. आपल्यात कोणी मुद्दाम ग्रास किंवा रॉक टेरा घेऊन येतो आणि जिंकला की आठवडाभर मिशीला पीळ देत फिरतो. नाव घेत नाही, त्याला कळेल.

म्हणून माझी सूचना एवढीच. टेरा राहू दे, पण टेरा टाइप सामन्याआधी दिसले पाहिजेत. शोडाउनवर थेट आव्हान पाठवताना ‘टेरा टाइप प्रीव्ह्यू’ हा नियम जोडता येतो, मग टीम प्रीव्ह्यूलाच दोघांना सहाच्या सहा टेरा दिसतात. कोणाच्या ब्राउझरात ते जमलं नाही तर सहा नावं आणि सहा टेरा ग्रुपवर टाकायचे, दोघांनी एकाच मिनिटाला, म्हणजे एकानं दुसऱ्याची यादी बघून आपली बदलली असं नको. व्हीजीसीसारखं आयटम आणि मूव्हसुद्धा उघडे करावेत असं काहींना वाटतं. मी त्याच्या विरोधात आहे. सिंगल्समध्ये, म्हणजे आपल्या एकास-एक सामन्यांत, आयटम हुडकून काढण्यात जी मजा आहे ती घालवू नये, आणि वर सांगितलं तसा त्यांचा माग लागतोच.

‘फक्त मूळ टाइपचाच टेरा’ हा पर्यायही मला नको. त्यात बचावाचे सगळे टेरा जातात आणि निव्वळ जोर वाढवणारे उरतात, म्हणजे किंगॅम्बिट डार्कच करणार आणि सकर पंच आणखी जड बसणार. पाच सोबती पडलेले असताना किंगॅम्बिटच्या सुप्रीम ओव्हरलॉर्ड या अ‍ॅबिलिटीचा पन्नास टक्के जोर, वर टेरा डार्कचे दोन पट. सत्तरची मूव्ह दोनशे दहाची होते, तीही पहिल्यांदा लागणारी. तुझी तक्रार मिटायच्या ऐवजी वाढेल.

तुझ्या टीमबद्दल एक गोष्ट, विचारली नाहीस तरी सांगतो. किंगॅम्बिट शेवटी उरणार हे तिसऱ्या चालीपासून दिसत असतं. त्याच्यासाठी ग्रेट टस्कच्या रॅपिड स्पिनच्या जागी नॉक ऑफ ठेवून बघ, घोस्ट झाला तरी दुप्पट लागतो. रॅपिड स्पिनचं हॅझर्ड (मैदानात पसरलेले काटे-दगड) काढायचं काम दुसऱ्या कोणाला तरी दे. आणि टीममध्ये एक तरी स्टेटस मूव्हवाला, म्हणजे थेट मार न देणारी मूव्ह असलेला, शेवटपर्यंत जिवंत ठेव. समोरचा हल्ला करत नसेल तर सकर पंच फसतो, विल-ओ-विस्पचा चटका लागला की किंगॅम्बिटचा मार निम्मा होतो, मग तो घोस्ट असो की फ्लाइंग.

येत्या रविवारी हा प्रीव्ह्यूचा नियम लावून खेळू. ज्यांना पटत नाही त्यांनी आपसांत जुन्या पद्धतीनं खेळावं, जबरदस्ती नाही. टीम शनिवारी रात्रीपर्यंत पक्की करा. आणि परवासारखी मध्येच लाईट गेली तर हार-जीत धरायची नाही, त्याच टीमनं पुन्हा पहिल्यापासून.